दिगूने आणलेला पंप

पंच्याऐंशीच्या शिमग्यात महिपतरावांच्या खलाशी मुलाची, दिगूची ट्रंक घरी आली. दिगू आला नाही. बोटीवरच तापाने गेला, तिथेच त्याला दर्यात सोडला. ट्रंकेत कपड्यांखाली एक सीलबंद खोका होता. त्यात महिपतरावांच्या दोन सीटांच्या विलायती गाडीसाठी इंजिनला पेट्रोल चढवणारा पंप होता.

ह्या गाडीचं सुख वर्षातून चार दिवस. त्या चार दिवसांत त्यांची बायको हौसाबाई डोक्याला रुमाल बांधून मांडवीपर्यंत मिरवून यायच्या. उरलेलं वर्ष महिपतराव गाडीखाली आडवे. यंदा घोडं पंपापाशी पेंड खात होतं. दिगूला तर बोट सोडायची होती, मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात नोकरीही ठरली होती. महिपतरावच म्हणाले होते, "हा पंप हिकडे मिळायचा नाही. एवढी एक फेरी मार, मग बस घरी."

दुसऱ्या दिवशी ते जुना पंप काढायला बसले. पंपाची गाडीच्या पत्र्याला आवळलेली अर्थिंगची वायर खाऱ्या हवेने हिरवी पडली होती. ती सुरीने खरवडता खरवडता त्यांचा हात थांबला. त्यांनी खरवडलेली वायर परत आवळली आणि किल्ली फिरवली. इतके दिवस बंद पडलेला जुना पंप टिकटिकला. इंजिन पहिल्याच दमात सुरू झालं.

आवाज ऐकून हौसाबाई धावत बाहेर आल्या. "अहो, झाली चालू? दिगूचा पंप लागला काय?"

महिपतरावांनी न फोडलेला खोका पायाने सीटखाली सारला.

"होय," ते म्हणाले. "त्याच्याच पंपावर चाललीय."