निळी कड

पोलिसांच्या दिव्याखाली कपाटावर चोराचे ठसे तांबडे उजळले. त्यांचे फोटो झाले, पंचांच्या सह्या झाल्या. त्या दिव्याखाली प्रत्येक माणसाचा स्पर्श वेगळ्या रंगात दिसायचा. खून झालेल्या प्रमिलाबाईंचा निळा होता. आता दिवा बंद करायचा, एवढंच राहिलं होतं.

फौजदार वैजयंती खरोटेंनी बाईंच्या म्हाताऱ्या नवऱ्याला हाक मारली. "दिगंबरकाका, बाहेर ओसरीवरच्या खाटेवर कोण झोपायचं?"

"मी. कित्येक वर्षं अबोला होता आमचा. ती इकडे फिरकायचीसुद्धा नाही."

वैजयंतीने दिवा खाटेवर धरला. पांघरुणाची खांद्याकडची कड निळीशार होती, थरावर थर.

"रात्री लाथाडायचो, पहाटे अंगावर असायचं," काका पुटपुटले. "वाटायचं, झोपेत मीच ओढून घेतो."

वैजयंतीने दिवा तसाच चालू ठेवला आणि पंचांना घेऊन ती अंगणात गेली.