यल्लाप्पाची साक्ष

"जखमी सैनिकाचं पदक हवं, तर गोळी लागल्याची नोंद तुमच्या कागदांत नाही. कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल, तर त्याची लेखी साक्ष आणा," सैनिक कार्यालयातला कारकून म्हणाला.

निवृत्त हवालदार दौलतराव खवरे एसटीने चंदगडला गेले. एकाहत्तरच्या लढाईत त्यांना गोळी लागली, तेव्हा त्यांना पाठीवर घेऊन आलेला सोबतचा जवान यल्लाप्पा तिथला. त्यानंतर दोघांची भेट झालीच नव्हती.

दार त्याच्या बायकोने उघडलं. यल्लाप्पाला जाऊन दोन वर्षं झाली होती. दौलतरावांचं नाव आणि काम ऐकून तिने ट्रंकेतून त्याने सही केलेला कागद काढला. "कधी लागलीच तर म्हणून तुमच्यासाठी साक्ष लिहून ठेवली होती त्यांनी. म्हणायचे, दौलत येईल."

पाच महिन्यांनी पदक घरी आलं.

"लावून तर बघा," दौलतरावांची बायको म्हणाली.

दौलतरावांनी डबी मिटली. "काम नसताना एकदा जायला हवं होतं गं."