अजून एक ताई

संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळे बसले, तेव्हा करुणाची बॅग भरून दारात ठेवलेली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती जालन्याहून थेट आफ्रिकेत, मलावीला आली होती, तिथल्या मराठी मिशनऱ्याची दोन लेकरं सांभाळायला. सकाळी तिला निघायचं होतं.

आज प्रार्थनेची पाळी त्या दोघांतल्या पाच वर्षांच्या तबिथाची होती. तिनं डोळे घट्ट मिटले. "प्रभू, शीलाताईला परत आण. मार्थाताईला परत आण. सुवर्णाताईला पण आण. परत येते म्हणाल्या होत्या त्या. येशूच्या नावानं मागते, आमेन."

करुणाच्या आधी लेकरं सांभाळून गेलेल्या ताया होत्या त्या तिघी. दिवाळीनंतर करुणाचं लग्न होतं. पुन्हा काही तिचं इकडे येणं होणार नव्हतं. निदान आपण तरी या पोरीशी खोटं बोलायचं नाही, असं ठरवून तिनं तबिथाला मांडीवर घेतलं.

"तू येशील ना गं परत?" तबिथानंच विचारलं.

करुणानं तबिथाच्या आईकडे पाहिलं. आई बायबल मिटून खाली मान घालून बसली होती.

"येईन की. नक्की येईन."

तबिथानं मांडीवर बसल्या बसल्याच पुन्हा हात जोडले.

"प्रभू, थांब, अजून एक राहिली. करुणाताईला पण परत आण."