धुऱ्याचं तास

पियुषने खिशातून फोन काढला, पाहिला आणि परत खिशात टाकला.

"लग्नाचं बोलावनं येनार हाय का तुले?" त्याचे वडील खुशालराव म्हणाले. "सकायपासून पाहून रायलो. फोन काढतं अन् टाकतं. पानी आन."

पियुषने हौदातून बादली भरून आणली. खुशालरावांनी फवारणीच्या पंपात पाणी ओतलं आणि नव्या बाटलीचं झाकण फिरवलं. ही बाटली तेल्हाऱ्याच्या दुकानदाराने काल गळ्यात मारली होती. वांग्यावरची अळी नावालाही उरणार नाही, असं त्याचं म्हणणं. खुशालरावांचा नव्या औषधावर विश्वास नव्हता आणि जुन्यावर तर आता उरलाच नव्हता. म्हणून नवं औषध ते आधी एकाच तासावर, म्हणजे एकाच ओळीवर मारून पाहत. त्या ओळीच्या पहिल्या झाडाला चिंधी बांधायची, म्हणजे त्यातलं वांगं कोणी तोडत नाही. पानं करपली तर बाटली नेऊन दुकानदाराच्या टेबलावर आदळायची. नाही करपली तर सारं वावर फवारायचं.

पियुषने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. फवारणीला तसाच घालतात, त्यामुळे घरात कोणी काही विचारलं नाही. डाव्या बाहीखाली मनगटावर प्लास्टिकची पट्टी होती. काल अकोल्याच्या एका केंद्रात रक्त, छाती, सगळं तपासून झाल्यावर तिथल्या डॉक्टरबाईंनी ती बांधली होती. नवी गोळी निघाली होती आणि ती धडधाकट माणसाला दिल्यावर काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. मोबदला चांगला होता. बाईंनी लपवलं काहीच नाही. मळमळ होईल, यकृताला त्रास होऊ शकतो, अजून आम्हालाही माहीत नाही असंही काही होऊ शकतं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. "उद्या फोन करीन. येणार असलास तर पट्टी राहू दे. नसलास तर कापून टाक. कोणी रागावणार नाही."

रागावणार असत्या तर बरं झालं असतं, असं पियुषला वाटत होतं. सकाळी घरून निघताना त्याने कात्री हातात घेतली होती आणि तशीच ठेवून दिली होती. अमरावतीच्या अभ्यासिकेत बसून त्याचा हा तिसरा हिवाळा. खोली, मेस, क्लास. दर महिन्याला तो पैशांसाठी बापाला फोन करायचा आणि बाप एकच म्हणायचा, "हाव, टाकतो." त्या 'हाव'ची, त्या मुकाट होकाराची त्याला आता भीती वाटायची.

"कोनतं तास धरता बाबा?" त्याने विचारलं.

"कोनतं म्हंजे? धुऱ्याचं."

"मधलं काहून नाई धरत?"

"मधलं जयलं तं सारं वावर इद्रूप दिसते." खुशालरावांनी पंप पाठीवर घेतला. "बांधाजवयचं तसंबी मरतुकडंच रायते. जयलं तं जयलं. कोनाच्या डोयात येते?"

त्यांनी हे सहज सांगितलं, जसं ते पाण्याच्या पाळीबद्दल सांगत. पियुष मात्र बाहीवरून पट्टी चाचपत त्या कडेच्या ओळीकडे पाहत राहिला.

"चिंधी बांध, चाल."

तो वाकला. चिंधी झाडाला गुंडाळून गाठ मारताना बाही वर सरकली. त्याची आई जमुना तिथंच धुऱ्यावर विळ्याने बकरीसाठी गवत कापत होती. तिचा हात थांबला.

"काय बांधलं रे तुया हाताले?"

त्याने बाही खाली ओढली. मग ओढून उपयोग नाही हे त्याला कळलं आणि उभ्या उभ्या त्याने सगळं सांगून टाकलं. गोळी, अकोला, डॉक्टरबाई, आत्ता येणारा फोन.

"घरी खायाले नाई का तुले," जमुना म्हणाली, "का आता दवा खाऊन पोट भरतं?"

"जबरदस्ती नाई माय. बाई चांगल्या हायेत. सारं समजावून सांगतलं त्याईनं."

"मंग तुयावरच काहून पाहाचं?"

"कोनावर तरी आधी पाहाच लागते ना. नाईतं दुकानात गोया येतीन कशा?" त्याचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "मले आता बाबाले पैसे मांगाचं जिवावर येते."

खुशालराव फवाऱ्याची नळी हातात धरून तसेच उभे होते. फवारा अजून सोडला नव्हता. पियुषला वाटलं, आता ते शिव्या देतील. त्याला त्या हव्या होत्या. पण ते नुसते त्याच्या मनगटाकडे पाहत राहिले, मग झाडाच्या चिंधीकडे, मग परत मनगटाकडे.

जमुना उठली. तिने हातातला विळा पियुषच्या पुढ्यात, मातीवर ठेवला आणि बाजूला झाली.

फोन वाजायला लागला.

पियुषने तो खिशातून काढला. नंबर अकोल्याचाच होता. त्याने एकदा विळ्याकडे पाहिलं, एकदा फोनकडे. अंगठा हिरव्या खुणेपर्यंत जायचा आणि मागे यायचा.

खुशालरावांनी पंप पाठीवरून उतरवला. ते गुडघे टेकून त्या मरतुकड्या झाडापाशी बसले आणि चिंधी सोडू लागले. पियुषने गाठ घट्ट मारली होती. त्यांच्या जाड बोटांना ती सुटेना.

"हे तास बी म्याच लावलं हाय, लेका," ते मान वर न करता म्हणाले.