रावजी तळेकरांची तिथी

"रावजी तळेकर नावाचा शिपाई कुठल्याच यादीत नाही, ताई." सुबोधने वही मिटली. "मृतांच्या नाही, बेपत्तांच्या नाही. युद्धकैद्यांचीही बघितली."

"मग अण्णांना जाऊन काय सांगू मी? डॉक्टरांनी आठवडा दिलाय. त्यातले चार दिवस गेले."

सुलक्षणाने डबा उघडलाच नव्हता. मरोळच्या औषध कंपनीत ती पॅकिंग सांभाळायची. सुबोध तिथलाच सुरक्षा अधिकारी. त्याआधी वीस वर्षं लष्कराच्या दफ्तरात कारकून. जुन्या शिपायांचे कागद शोधून द्यायचं त्याला वेड होतं.

धोंडिराम तळेकर, म्हणजे तिचे वडील अण्णा, सहा महिन्यांचे असताना त्यांचे वडील रावजी दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेले. मागोमाग तार आली, बेपत्ता. तीन वर्षं वाट पाहून घरच्यांनी आईचा पाट धाकट्या दिराशी लावून दिला. काकांनी अण्णांना पोटच्या पोरासारखं वाढवलं. तक्रार कसलीच नव्हती. फक्त वडिलांची तिथी नव्हती. दरवर्षी सर्वपित्रीला, ज्यांचं काहीच ठाऊक नाही त्यांच्या रांगेत, रावजींचं पान मांडलं जायचं.

"एक विचारू?" सुबोध म्हणाला. "तुमच्या कोकणातले भरतीला गेले की गावाचं आडनाव सोडून कुळाचं लावायचे. तुमचं कुळ कुठलं?"

"मोरे."

"अहो, आधी सांगायचं ना! चार दिवसांची वाट लावलीत!" त्याने वही पुन्हा उघडली. "वारसाच्या सहीचा अर्ज आणा. आजच."

दहिसरच्या खोलीत अण्णांच्या उशाशी मोबाइलवर कीर्तन चालू होतं. पितरांसाठी स्वर्गातून गंगा उतरवणाऱ्या राजाचं आख्यान. बुवांचा आवाज चढला की अण्णांची बोटं चादरीवर टाळ धरायची.

"गावली काय गो तिथी?"

"गावेल. आधी इथे सही करा."

त्यांनी पेन धरलं. आधी वर बारीकसं 'श्री' काढलं, मग खाली सही केली.

"अण्णा, सरकारी अर्ज आहे हा."

"असूंदे. सगळी नोकरी पोस्टात केली, श्री घातल्याशिवाय सही केली नाही. साहेब खेकसायचा, देवाला कशाला नोकरीला लावतोस म्हणून." ते हसले आणि खोकल्याची उबळ आली. तिने त्यांना पाठीशी धरून बसवलं. पाठ म्हणजे नुसती हाडं.

श्वास परत आल्यावर ते पोस्टातलंच बोलू लागले. घाटकोपरच्या खिडकीवर पेन्शन घ्यायला येणारे एकेक नग. एक बाई नातवाच्या खोड्या सांगितल्याशिवाय हलायच्या नाहीत. एक सुभेदार नोटांचा वास घेऊन बघायचे.

"आणि एक डाव्या अंगठ्याचा म्हातारा. उजवा हातच नव्हता. पलीकडची खिडकी रिकामी असली तरी माझ्याच रांगेत उभा. मी ओरडायचो, बाबा, तिकडे जा ना! तर म्हणायचा, माका घाई नाय. पैसे घेतले की विचारायचा, जेवलंस काय रे? रांग खोळंबायची सगळी. गावाहून आला की आमसुलांची पुडी पुढे सरकवायचा, घरी दे म्हणून."

"चांगला होता की."

"कटकट होती गो. एकदा नोव्हेंबरात मी म्हटलं, जिवंत असल्याचा दाखला कुठे आहे? तर म्हणतो, मी जिता असंय ह्यां तूच लिही ना." अण्णांनी मान हलवली. "लिहायचो मग दरवर्षी. नाव कोण वाचतो, पुस्तकाचा नंबर टाकायचा. शेवटी त्याच्या चाळीतला कोणी पेन्शनचं पुस्तक परत द्यायला आला. मरणाचा दाखला आणि आमसुलांची पुडी. मी शिक्का मारला आणि म्हटलं, पुढचे या."

मोबाइलवर बुवा नामगजरावर आले होते. अण्णांनी डोळे मिटून हात जोडले.

"सुलू, राजाला निदान पितर कुठे पडलेत ते माहीत होतं. माझ्या बापाला मी कुठल्या दिवशी हाक मारू? परवा पितृपक्ष लागतो. एकदा, फक्त एकदा, त्याच्या नावाचं पान त्याच्या दिवशी वाढ. मी नसलो तरी वाढ."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पाणीही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर येऊन गेले. सुलक्षणा देवापुढे बसली. तेवढ्यात सुबोधचा फोन आला.

"मिळाले! रावजी मोरे. गाव तेच, बायकोचं नाव तेच. पानं पाठवलीत, बघा. मी घाईत आहे, शेवटची वाचलीसुद्धा नाहीत."

ती पलंगाच्या कडेवर बसली. पानं पुसट होती, बोटांनी मोठी करून वाचावी लागत होती.

"अण्णा, ते लढाईत वारले नव्हते! कैदेत होते. पंचेचाळीस साली सुटका."

अण्णांचे डोळे उघडले. ओठ हलले. "मग घरी?"

ती पुढचं पान वाचत होती. उजवा हात मनगटापासून तोडलेला. अपंगत्वाची पेन्शन, सावंतवाडी. जून १९६६, अर्जदाराच्या विनंतीवरून घाटकोपर पोस्टात वर्ग.

तिचं बोट काचेवर थांबलं.

"तारीख," अण्णा पुटपुटले. "तारीख वाच."

तिने शेवटचं पान उघडलं. आडवा शिक्का, मयत. खाली शाईने लिहिलेलं, मृत्यू ११ नोव्हेंबर १९८३.

"अकरा नोव्हेंबर," ती कशीबशी म्हणाली. "त्र्याऐंशी."

अण्णांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा निवांतपणा आला. "पंचांगात तिथी बघ. आणि खात्रीची आहे ना गो? कोणी लिहिलीय?"

तारखेखाली सही होती. सहीच्या वर, बारीक अक्षरात, श्री.