गचका

दुसरा गिअर पडला आणि गाडीला पुन्हा गचका बसला. मागच्या सीटवर आडवा झालेला दादा कण्हला.

"सॉरी दादा."

"सॉरी राहू दे. आवाजाकडे कान दे."

तिची स्वतःची गाडी ऑटोमॅटिक. तिथे डाव्या पायाला कामच नसायचं. ही डिझेल गाडी दादाची. आजवर त्याने हिची किल्ली कुणाच्या हाती दिली नव्हती. आज हॉस्पिटलच्या दारात स्वतःहून बहिणीला दिली. आजार मणक्यात उतरला होता. 'आता घरी न्या,' एवढंच डॉक्टर म्हणाले. ॲम्ब्युलन्स त्याला नको होती. "माझ्या गाडीतून जाईन," म्हणाला. सगळीकडून उशा लावल्या होत्या, तरी प्रत्येक गचका पाठीत शिरत होता.

"तू घाई करतेस," तो थांबत थांबत म्हणाला. "वरचा गिअर टाकताना इंजिनाचा आवाज खाली उतरू दे. मग क्लच सोड, सावकाश."

"आणि खालच्या गिअरला?"

"तिथे उलटं. क्लच सोडायच्या आधी जराशी रेस दे. वेग जुळला की आतल्या माणसाला कळतसुद्धा नाही."

दोन सिग्नल तसेच हिसके देत गेले. पुलाच्या चढावर तिने तिसऱ्यावरून दुसरा टाकला, थोडी रेस दिली, पाय उचलला. काहीच जाणवलं नाही. वर पोचल्यावर तिसरा, मग चौथा. गाडी पाण्यावरून सरकावी तशी सरकली.

"जमलं दादा."

मागून उत्तर आलं नाही.

आरशात पांघरुणाचं टोक तेवढं दिसत होतं. "दादा?" इंजिनाची एकसारखी घरघर. "दादा, ऐकतोयस ना?" पुलावर थांबायला जागा नव्हती, मागे बस चिकटली होती.

तिने चौथ्यावरून तिसरा टाकला. रेस दिली नाही. क्लचवरचा पाय एकदम उचलला.

गाडी हादरली. मागून विव्हळणं ऐकू आलं, आणि तिने कोंडलेला श्वास सोडला.

"इतकं छान जमत होतं की गं," दादा पुटपुटला. "किती दिवसांनी डोळा लागला होता. मध्येच काय झालं?"

"चुकलं," ती म्हणाली.

घर येईपर्यंत मग एकही गचका बसला नाही. पण त्याला परत झोप लागली नाही.