घरी कोण कोण असतं?

काचेपलीकडे चाचणीच्या बंद खोलीत बाई जागच्या जागी सायकल मारत होत्या आणि अलीकडे त्यांचा नवरा मांडीवर टोपी ठेवून अवघडून बसला होता. आतली हवा भट्टीच्या तोंडाशी असावी तशी तापवलेली. भट्टीवरच्या कामगारांसाठी शिवलेलं, आच अडवणारं नवं जाकीट बाईंनी अंगात चढवलं होतं. ऊन, बर्फ, विरळ हवा यांत माणसाचं शरीर कुठवर तग धरतं आणि कुठे ढासळतं, हे बघण्यातच त्यांची सगळी नोकरी गेली. दुसऱ्याला आत पाठवायच्या आधी आपण जायचं, हा त्यांचा शिरस्ता. शनिवारी निवृत्त व्हायचं होतं, तरी तो त्यांनी मोडला नाही.

साठी उलटलेल्या माणसासोबत घरचं कुणीतरी हवं, हा नियमही त्यांचाच. म्हणून नवरा आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

सिस्टरनं माइक पुढे ओढला. अधूनमधून साधे प्रश्न विचारायचे, हे तिचं काम. उष्म्यानं डोकं फिरायला लागलं की ते आधी बोलण्यात दिसतं, आकड्यांत मागाहून, असं बाईंनीच तिला शिकवलं होतं. एक उत्तर चुकलं तरी माणूस बाहेर.

“बाई, आज वार कुठला?”

“बुधवार. मोठ्यानं विचार गं, पुटपुटू नकोस.”

“शंभरातून सात गेले?”

“त्र्याण्णव.”

“घरी कोण कोण असतं?”

“मी एकटीच.”

सायकल फिरत राहिली. सिस्टरनं पडद्यावरचे आकडे पाहिले. ताप ठीक, नाडी ठीक. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो कसनुसं हसला.

“मस्करी करत असेल.”

“बाई? चाचणी चालू असताना?” सिस्टर म्हणाली. “त्या शिंकसुद्धा दाबून धरतात.”

तिनं प्रश्न पुन्हा विचारला. तेच उत्तर आलं, मघाशी वार सांगितला होता तितक्याच सहज.

“काका, हे चूक आहे ना?” सिस्टरचा आवाज खाली आला. “चूक असेल तर मला आत्ताच थांबवायला हवं. आणि बरोबर असेल तर...”

नवऱ्याचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. चूक दिसली की त्याचा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जायचा. आत्ता मात्र त्याला काही ठरवता येईना. सकाळी दोघांचा चहा त्यानंच केला होता. तिनं तो प्यायलाही होता. त्या वेळी ती काही बोलली होती का, ते काही केल्या आठवेना.

त्यानं माइक आपल्याकडे वळवला. “अगं, ऐकतेस का? मला ओळखलंस?”

बाईंनी मान वर केली. “न ओळखायला काय झालं? आणि तुम्ही भर उन्हातून आलात, पाणी तरी प्यायलात का? सिस्टर, यांना पाणी दे आधी.”

सिस्टर पाणी आणायला उठली आणि अर्ध्यात थबकली. आता चाचणी थांबवायची की पाणी द्यायचं?

“मग घरी कोण असतं म्हणालीस?” नवऱ्यानं विचारलं.

या वेळी उत्तराला उशीर लागला. बाईंचे पाय मंदावले. कपाळावरचा घाम भुवयांत उतरला, तो त्यांनी पुसला नाही.

“सांगितलं ना मघाशी,” त्या म्हणाल्या. पण पूर्वीसारखं ठामपणे नाही.

“काका, लवकर सांगा.”

“थांबवा,” तो म्हणाला. “बाहेर काढा तिला.”

दार उघडलं तशी गरम हवेची लाट खोलीभर पसरली. बाईंना बाकावर बसवून सिस्टरनं मानेवर ओला टॉवेल ठेवला, पंखा त्यांच्याकडे वळवला. दोन घोट पाणी पोटात जाताच बाई चिडल्या.

“का थांबवलंत? ताप चढला नव्हता माझा. जाकीट अजून कितीतरी वेळ टिकलं असतं.”

सिस्टर खाली मान घालून जाकिटाचे पट्टे सोडवत राहिली.

“उत्तर चुकलं तुझं,” नवरा म्हणाला.

“माझं? कुठलं?”

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. ती खरंच विचारत होती की काय, ते त्याला कळेना.

“घरी गेल्यावर सांगतो.”